दुसरं उत्तर का टाकलं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये परवा पालकसभा झाली. गणिताच्या बाईंनी दहावीच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि एकेक वही उघडून दाखवली. गृहपाठ वर्गसमीकरणांचा होता. वर्गात तोवर अवयव पाडायची रीत तेवढी शिकवून झाली होती, सूत्राची रीत पुढच्या आठवड्यात यायची होती. तरीही बहुतेक वह्यांत उदाहरणं सूत्रानं सोडवलेली. त्याच पायऱ्या, तोच क्रम, अक्षर तेवढं ज्याचं त्याचं. मोबाईलनं गणिताचा फोटो काढायचा, ॲप पायऱ्या दाखवतं, त्या वहीत उतरवायच्या. ज्याच्या घरी तसला मोबाईल नाही त्यानं शेजारच्याची वही आणायची. सभा तासभर तापली. एकजण म्हणाले, बारावी होईपर्यंत पोरांच्या हातात मोबाईल देणं बंद करा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर काम करणारा एक तरुण बाप उठला. "आमच्या मशीनला प्रोग्राम देतो आम्ही. हातानं कोण करतंय आता? पोरानं बटण दाबून गणित केलं तर बिघडलं काय ओ?" तिसऱ्यांच्या मते मराठी माध्यमात घातलं हीच मूळ चूक. चौथे म्हणाले, गृहपाठच बंद करा. चहा झाला आणि जो तो आपलं मत घेऊन घरी गेला.

मी २६ वर्षं याच तालुक्यात गणित आणि विज्ञान शिकवलं. सभेत मी गप्प बसलो होतो, कारण ज्या प्रश्नावर सगळे भांडत होते तो मला मुळात चुकीच्या जागी उभा केलेला वाटत होता. माझं म्हणणं असं आहे: सोडवलेलं उदाहरण मुलाच्या हाती पडलं यात काहीच वाईट नाही. ते पुस्तकातून आलं, गाईडमधून आलं, थोरल्या बहिणीच्या वहीतून आलं की मोबाईलमधून, यानं फार फरक पडत नाही. वाईट हे आहे की आपण मुलाकडे पायरी मागतो, गुणही पायरीला देतो, आणि त्या पायरीमागचं कारण त्याला कधी विचारतच नाही. ज्या गोष्टीचं कारण विचारलं जात नाही ती माणूस उतरवूनच काढणार. मोबाईल नव्हता तेव्हाही मुलं तेच करत होती. आणि हे कारण मुलाला ज्या भाषेत सुचतं त्या भाषेत विचारलं पाहिजे, म्हणजे आमच्याकडे मराठीत. ही दुसरी गोष्ट सीमाभागात उच्चारली की लगेच तिला वेगळा रंग चढतो, म्हणून तिच्याकडे मी सावकाश येणार आहे.

पायरी आणि कारण यांत अंतर किती असतं, हे एका जुन्या उदाहरणावरून सांगतो. भास्कराचार्यांच्या बीजगणितात माकडांच्या कळपाचं गणित आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करा, उरतील त्यांचा वर्ग करा, तेवढी माकडं गुहेत शिरली. एक माकड फांदीवर चढलेलं दिसतंय. तर कळपात एकूण माकडं किती? समीकरण मांडलं की दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, सातांचा वर्ग ४९, अधिक फांदीवरचं १, झाली ५०. आता पाच घेऊन बघा. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले उणे २, त्याचा वर्ग ४, अधिक १, झाली ५. ताळासुद्धा बरोबर बसतो! तरी भास्कराचार्य पाच हे उत्तर घेऊ नका म्हणतात, कारण एका माकडातून तीन माकडं वजा करणं लोकांना मान्य होणार नाही. म्हणजे दोन्ही उत्तरं समीकरणाच्या कसोटीला उतरतात, आणि त्यातलं एक टाकायचं की ठेवायचं हे समीकरण सांगतच नाही. ते कळपाकडे बघून ठरवावं लागतं. हे बघणं पायऱ्यांच्या रकान्यात कुठं लिहिलेलं असतं?

भौतिकशास्त्रात तर हे पावलोपावली येतं. आमच्या जिल्ह्यात घटप्रभेवर गोकाकचा धबधबा आहे, उंची सुमारे ५२ मीटर. १८८७ साली इथं पाण्यावर वीज तयार होऊ लागली. सहलीला मुलं तिथं जातात, फोटो काढतात, परत येतात. मी वर्गात विचारायचो, वरच्या कड्यावरून सुटलेल्या पाण्याला खाली पोचायला किती वेळ लागतो? सूत्र सगळ्यांना पाठ. अंतर बरोबर आरंभीचा वेग गुणिले काळ, अधिक अर्धा गुणिले त्वरण गुणिले काळाचा वर्ग. आरंभीचा वेग शून्य, त्वरण ९.८. एकशेचार भागिले ९.८, त्याचं वर्गमूळ, उत्तर सुमारे सव्वातीन सेकंद. खाली पोचताना वेग सेकंदाला जवळजवळ ३२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११५ किलोमीटर. हवेचा अडथळा धरला तर प्रत्यक्षात तो कमीच भरणार, कारण पाणी फुटून तुषार होत खाली येतं. उत्तर सगळ्यांचं येतं. मग मी विचारायचो, "आरंभीचा वेग शून्य कशावरून?" वर्ग गप्प. सूत्रात तसं टाकायचं असतं, सर. वर्गमूळ काढताना उणे सव्वातीन हेही उत्तर येतं, ते कुठं गेलं? "ते लिहायचं नसतं, सर." का लिहायचं नसतं? पुन्हा गप्प.

आणि याच्या दुसऱ्या दिवशी मी दुसरं गणित घालायचो. सेकंदाला २० मीटर वेगानं चेंडू सरळ वर फेकला, गुरुत्व त्वरण १० धरा, तर १५ मीटर उंचीवर तो केव्हा असेल? टी वर्ग वजा ४ टी अधिक ३ बरोबर शून्य. उत्तरं दोन, १ आणि ३. काल दुसरं उत्तर टाकायची सवय लागलेली निम्मी मुलं आज ३ खोडून टाकत. वास्तविक इथं दोन्ही खरी आहेत. पहिल्या सेकंदाला चेंडू वर जाताना त्या उंचीवरून गेला आणि तिसऱ्या सेकंदाला खाली येताना पुन्हा गेला. समीकरण सोडवायच्या पायऱ्या दोन्हीकडे त्याच. एकीकडे दुसरं उत्तर टाकायचं, दुसरीकडे ठेवायचं, हे कळण्यासाठी मुलाच्या डोळ्यासमोर चेंडू उडावा लागतो. ज्याच्या डोळ्यासमोर तो उडाला नाही त्यानं स्वतःच्या हातानं पायऱ्या लिहिल्या काय आणि मोबाईलमधून उतरवल्या काय, दोघांचं नुकसान सारखंच. पालकसभेत हे कुणी बोललं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. आम्ही मुलाच्या हाताकडे बघत होतो.

चिन्हांची गोष्ट तर सांगायलाच हवी, कारण मी तपासलेल्या हजारो वह्यांत सगळ्यात जास्त अपघात तिथं झालेले आहेत. वरची दिशा धन धरली की त्वरण उणे होतं. मग धबधब्याचं विस्थापनही उणे ५२ घ्यायला हवं, कारण पाणी खाली जातंय. मुलं त्वरणाला उणे लावतात, ५२ ला लावत नाहीत, आणि वर्गमुळाच्या आत उणे संख्या येऊन बसते. आता काय करायचं? बहुतेक मुलं पुढच्या ओळीत ते उणे चिन्ह गुपचूप गाळतात. उत्तर बरोबर येतं. तपासणारा घाईत असला तर पूर्ण गुण देतो. मला विचाराल तर कोऱ्या वहीपेक्षा ही ओळ जास्त काळजीची आहे. अडलेल्या मुलाला आपण अडलोय हे निदान ठाऊक असतं. चिन्ह गाळणारा मुलगा मात्र त्या दिवशी हे शिकतो की गणितात अडलं तर काहीतरी खोडून पुढं जायचं असतं.

कारणाची ही मागणी आजची आहे असंही नाही. आपल्या जुन्या गणितग्रंथांत रीत सूत्रात सांगितलेली असे, पाठोपाठ उदाहरण असे, आणि ही रीत बरोबर का, याचं विवेचन, ज्याला उपपत्ती म्हणत, ते बहुतेक वेळा टीकाकारांकडे सोपवलेलं असे. भास्कराचार्यांची लीलावती ११५० च्या सुमाराची. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तिच्यावर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली ती १५४५ साली, आणि तिच्यात उपपत्ती आवर्जून दिल्या. मधल्या चारशे वर्षांत लीलावती पाठ करणारे कमी नव्हते. तरी एका विद्वानाला असं वाटलं की रीत पाठ असणं पुरेसं नाही, तिचं कारण मांडलं पाहिजे. त्याच्याही आधी, १२०७ साली, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं चाळीसगावजवळच्या पाटण इथं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याचा शिलालेख आजही आहे. नुसतं पाठांतरच करायचं असतं तर ग्रंथाच्या प्रती पुरल्या असत्या. मठ लागतो तो विचारायला आणि सांगायला. ज्यांना वाटतं की 'का' विचारायला लावणं ही परदेशी अध्यापनाची नवी टूम आहे, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

आता उलट बाजूचे मुद्दे. ते पोकळ नाहीत आणि त्यांना मी हसण्यावारी नेणार नाही. पहिला, नकलेचा. आयतं उत्तर मिळालं की मूल डोकं चालवत नाही, हे खरंच आहे, मी ते डोळ्यांनी पाहिलंय. २०२४ साली कर्नाटकात एसएसएलसीची म्हणजे दहावीची परीक्षा वेबकास्टिंगच्या नजरेखाली झाली आणि आदल्या वर्षी ८३.८९ टक्के असलेला निकाल, वाढीव गुणांची सवलत देऊनसुद्धा, ७३.४० टक्क्यांवर आला. आपण किती वर्षं स्वतःला फसवत होतो हे त्यातून दिसलं. पण यावरून 'सोडवलेली उदाहरणं मुलांपासून लपवा' असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. १९८५ साली ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी बीजगणितावरच प्रयोग केले. काही विद्यार्थ्यांना सगळी उदाहरणं स्वतः सोडवायला दिली, काहींना एक सोडवलेलं अभ्यासायला आणि एक सोडवायला. तशाच प्रकारच्या पुढच्या उदाहरणांत सोडवलेली उदाहरणं पाहिलेल्यांना वेळ कमी लागला आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. कारण सरळ आहे. नवशिक्याचं सगळं बळ चाचपडण्यात जातं, रीत पाहायला डोकं मोकळं उरत नाही. पुढं १९८९ साली मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गतीच्या नियमांवरची सोडवलेली उदाहरणं वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना मोठ्यानं बोलायला लावलं. चांगली कामगिरी करणारे विद्यार्थी वाचताना स्वतःलाच सांगत होते, हे बल इथं का घेतलं, ही पायरी कुठून आली. बाकीचे नुसते वाचत गेले. उदाहरणं दोघांपुढे तीच होती. तेव्हा उतरवणाऱ्या मुलाच्या हातातलं उदाहरण काढून घेऊन काय साधणार? त्याच्या तोंडून ते बोलणं निघत नाही, ते काढायला हवं. हेही खरं की रीत एकदा अंगवळणी पडली की सोडवलेली उदाहरणं उपयोगाची राहत नाहीत, तेव्हा मुलाला एकट्यानं झुंजू द्यावं लागतं. त्यासाठी मुलगा कुठं पोचलाय हे शिक्षकाला ठाऊक हवं, आणि ते वहीवरून कळत नाही, बोलण्यावरून कळतं.

दुसरा मुद्दा परीक्षेचा. कर्नाटकात इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या सीईटीत प्रत्येक विषयाला ६० प्रश्न आणि ८० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला ८० सेकंद. तिथं पायरीला कोण विचारतो आणि कारणाला कोण विचारतो? गोल काळा करायचा, संपलं. दहावीत तर याहून बिकट. कच्च्या मुलांना निवडक प्रश्नांचं पासिंग पॅकेज दिलं जातं आणि ते घोटून घेतलं जातं. मी स्वतः घोटून घेतलंय, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आमच्या जांबोटी-कणकुंबी भागातल्या वाड्यांवरची मुलगी दहावीला नापास झाली की बऱ्याचदा तिचं शिक्षण तिथंच थांबतं आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. तिला पासाच्या रेषेपलीकडे ढकलण्यासाठी जे करावं लागेल ते मास्तरानं करावं. पण जे शेवटच्या महिन्याचं औषध आहे ते जूनपासून रोजचं जेवण होऊ लागलं तर? आज तेच झालंय. आणि ८० सेकंदांचं म्हणाल तर नेमकं तिथंच कारण जाणणारं मूल पुढं जातं. काळ उणे असू शकत नाही हे ज्याला उमगलंय तो चारांपैकी एक पर्याय वाचता वाचताच बाजूला काढतो. वेगाच्या उत्तराला मीटरचं एकक लागलेलं दिसलं की दुसरा. पायऱ्या पाठ केलेला मुलगा पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो आणि त्याची घंटा वाजते. शिवाय इंजिनिअरिंगच्या रँकमध्ये सीईटीबरोबर पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाचे, म्हणजे बारावीचे, गुणही निम्मे धरले जातात, आणि तिथं उत्तरपत्रिका लिहावीच लागते.

हुशार मुलांचाही एक आक्षेप असतो आणि तो मला आवडतो. "सर, आन्सर बरोबर हाय की ओ, मग मार्क का कट केला?" उत्तर मनात येतं, मग चार ओळी कशाला लिहायच्या? ज्या टिळकांनी १९१६ साली याच बेळगावात होमरूल लीग उभी केली, त्यांच्या लहानपणाची गोष्ट सांगितली जाते की गणित पाटीवर न मांडता ते उत्तर द्यायचे आणि कुठं सोडवलंस असं विचारलं की डोक्याकडे बोट दाखवायचे. असं मूल वर्गात असेल तर त्याचे पायरीचे गुण कापणं मला अन्यायाचं वाटतं. पण त्याला 'का?' विचारणं हा अन्याय नाही. ज्यानं खरोखर डोक्यात सोडवलंय तो कारण एका वाक्यात सांगतो, आणि सांगताना त्याचा चेहरा फुलतो. ज्यानं मागच्या बाकावरून ऐकलंय तो अडखळतो. वहीच्या चार ओळी या दोघांना वेगळं करू शकत नाहीत.

आता भाषेकडे. पीयूसीला विज्ञान इंग्रजीतूनच शिकायचं आहे, मग दहावीपर्यंत मराठीत 'त्वरण' आणि 'विस्थापन' घोकून काय उपयोग, उलट अकरावीत मूल बावरतं, असं पालक म्हणतात. बावरतं, हे मी नाकारत नाही. येळ्ळूर-बेळगुंदीसारख्या गावांतून शहरातल्या कॉलेजात गेलेली चांगली मुलं पहिले तीन महिने फळ्याकडे नुसती बघत बसल्याचं माझ्या माहितीत आहे. काही परत फिरली, आर्ट्सला गेली. ही वेदना खरी आहे आणि मराठीच्या अभिमानाची भाषणं करून ती कमी होत नाही. पण ती मुलं कशामुळे बावरली, हे नीट बघायला हवं. ज्याला मराठीत त्वरण म्हणजे काय ते कळलं होतं, दर सेकंदाला वेग किती बदलतो हे ज्याच्या मनात स्पष्ट होतं, त्याला ॲक्सलरेशन हा शब्द शिकायला एक दिवस लागला. जो दहावीत 'त्वरण बरोबर व्ही वजा यू भागिले टी' एवढंच घोकून आला होता, त्याच्याकडे इंग्रजीत न्यायला काही नव्हतंच. आपण त्याच्या अपयशाचं खापर माध्यमावर फोडलं.

नावं बदलतात. भास्कराचार्य अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणत, दुसरी अज्ञात राशी आली की कालक, मग नीलक, पीतक, म्हणजे काळा, निळा, पिवळा. आपण एक्स, वाय म्हणतो. माकडं पन्नासच राहतात. आमच्या भागात तर एका गोष्टीला तीन नावं रोजच ऐकू येतात. मराठीत त्वरण, कन्नडमध्ये वेगोत्कर्ष, इंग्रजीत ॲक्सलरेशन. मराठीतली चाल, कन्नडमधला जव. समीकरण आणि बीजगणित तर दोन्ही भाषांत तेच. भास्कराचार्यांचं गाव विज्जडविड, ते कुणी विजापूर म्हणतं, कुणी पाटणजवळचं म्हणतं, म्हणजे त्यांच्या जन्मगावावरूनही दोन राज्यांत ओढाताण आहे. या ओढाताणीचं ओझं गणिताच्या तासावर पडू नये असं मला मनापासून वाटतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, १९६७ साली सीमाप्रश्नावर महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाल लागायचा तेव्हा लागेल. दहावीतल्या मुलीचं वर्ष तोवर थांबत नाही. तिला 'का' हा प्रश्न मराठीत विचारा, हे मी सांगतो ते ती मराठीत विचार करते म्हणून. बैलहोंगलच्या मुलाला तो कन्नडमध्ये विचारावा, त्याच कारणासाठी.

मराठीतून कारण सांगायला लावण्याचा आणखी एक फायदा आहे आणि माझ्या सगळ्या नोकरीत मला सापडलेली सगळ्यात कामाची गोष्ट तीच. काही वर्षं मी असा गृहपाठ द्यायचो: आज एकच उदाहरण. सोडवलेलं आहे, पुस्तकात बघा, मोबाईलमध्ये बघा, कुठंही बघा. मात्र घरातल्या अशा माणसाला समजावून सांगा ज्याला ते येत नाही, आणि त्या माणसानं निदान तीनदा 'का?' विचारायचं. ते तीन प्रश्न आणि तुमची उत्तरं वहीत लिहून आणा. चौथीपर्यंत शिकलेल्या एका बाईंनी सोप्यात तांदूळ निवडता निवडता मुलीला विचारलं होतं, "चेंडू वर गेला तर परत येणारच की गं, मग एकदाच कसा भेटेल त्या उंचीला?" त्या मुलीच्या वहीत हा प्रश्न तिच्या आईच्या शब्दांत लिहिलेला मी वाचला आणि ती वही वर्गात सगळ्यांना वाचून दाखवली. त्या आईला टी वर्ग ठाऊक नव्हतं. चेंडू ठाऊक होता. इंग्रजीत मांडलेल्या पायऱ्यांपुढे हीच आई मुकी होते, आणि मुलीचं शिक्षण घरातल्या सगळ्यांच्या हातून सुटतं. मग ट्युशनच्या फीचे पैसे भरणं एवढंच आईबापांच्या हाती उरतं. सीएनसीवाल्या त्या तरुण बापालाही माझं हेच सांगणं आहे. तुमच्या मशीनला प्रोग्राम तुम्ही देता. माप चुकलेला जॉब बाहेर आला तर कुठं चुकलं ते मशीन सांगतं का? ते तुम्ही शोधता, कारण कुठल्या पायरीला काय व्हायला हवं हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलाला एवढंच यावं.

राहता राहिला शिक्षकांचा वेळ. दोन तुकड्यांच्या शंभर वह्या, वर जनगणना, निवडणुका, माहिती भरायची, रिकाम्या जागांचे तास. कारणं वाचत बसायला बाईंकडे वेळ कुठून येणार? खरं आहे. म्हणून गृहपाठ कमी करा. दहा उदाहरणांऐवजी दोन द्या. एक अर्धवट सोडवलेलं द्या आणि उरलेलं पुरं करायला सांगा. एक मुद्दाम चुकवलेलं द्या, वर्गमुळाखालचं उणे चिन्ह गाळलेलं, आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते विचारा. रोज पाच मुलांना फळ्यापाशी बोलवा आणि वहीतल्या कुठल्याही एका ओळीवर बोट ठेवून विचारा, "ही कुठून आली?" महिन्याभरात वर्ग फिरून होतो. लाल पेन लागत नाही. वहीत ती ओळ मोबाईलमधून आली असेल तरी हरकत नाही. उद्या आपल्याला विचारणार आहेत हे ठाऊक असलेलं मूल उतरवतानाही थांबतं, आणि ज्या ओळीपाशी थांबतं तिथून त्याचा अभ्यास सुरू होतो. उजळणीतल्या पावकी-निमकीच्या काळात गुरुजी गणिताखाली ताळा करून घ्यायचे, ताळा नसेल तर उत्तर बरोबर असलं तरी वही परत. तेवढाच कडकपणा कारणासाठी दाखवता येईल.

सभेनंतर बाईंनी मला आठवड्यातून एक तास वर्गावर यायला सांगितलंय. पहिल्या तासाला मी गोकाकचं तेच गणित घातलं. सव्वातीन सेकंद सगळ्यांचं आलं. आरंभीचा वेग शून्य का, असं विचारल्यावर नेहमीसारखी शांतता. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पण पाणी कड्याशी यायच्या आधी पुढं पळतंय की. मग शून्य कसा?" मी खडू तिच्या हातात दिला. तिनं कड्याच्या टोकावर एक आडवा बाण काढला. थोडा वेळ फळ्याकडे बघत उभी राहिली. मग त्याच बिंदूपासून खाली दुसरा बाण काढायला गेली, खडू टेकवला, आणि बाण न काढता नुसता ठिपका ठेवला. "खालच्या बाजूला अजून काहीच नाही," ती म्हणाली. "हा शून्य."